वेळेचे मोल : विमानभाड्याच्या स्वस्त घटिकेचा शोध आणि वऱ्हाडचा प्रवासी – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

विमानाचे तिकीट नेमके केव्हा घेतले असता ते सर्वांत स्वस्त पडते, हा प्रश्न आज अमरावती व अकोल्यातील मध्यमवर्गीय कुटुंबांतही सहजपणे विचारला जातो. दिवाळीत पुण्याहून घरी येणारा नोकरदार मुलगा, परदेशी शिकावयास जाणारी विद्यार्थिनी, उपचारासाठी मुंबई गाठणारा रुग्ण आणि परिसंवादासाठी दिल्लीस निघालेला प्राध्यापक या सर्वांनाच तो पडतो. वरवर पाहता हा केवळ व्यवहारचातुर्याचा प्रश्न वाटतो. तथापि, थोड्या खोलात गेल्यास असे दिसून येते की, हा प्रश्न उद्भवण्यासाठीच एक विशिष्ट आर्थिक व्यवस्था अस्तित्वात यावी लागली. ज्या काळात भाडे अंतरावरून ठरत होते त्या काळात तिकीट आज घेतले काय किंवा महिन्यापूर्वी घेतले काय, त्याच्या किमतीत फरक पडत नव्हता. त्यामुळे ‘स्वस्त वेळ’ ही कल्पनाच संभवत नव्हती.

प्रस्तुत लेखात या कल्पनेच्या उदयाचा मागोवा घेतला असून, तिचा वऱ्हाडातील प्रवाशाच्या संदर्भात विचार केला आहे. त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. अंतराऐवजी वेळेवर भाडे ठरू लागल्याने अनिश्चिततेचा भार वाहतूकदाराकडून प्रवाशाकडे सरकला, आणि ज्याला आपल्या प्रवासाची तारीख आधी ठाऊक नसते त्याच्यावर तो सर्वाधिक पडतो, हे या लेखाचे प्रमुख प्रतिपादन होय.

अंतरावर आधारलेले भाडे

वऱ्हाडला आधुनिक प्रवासाची ओळख झाली ती रेल्वेमुळे. १८५३ च्या करारान्वये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला आणि पुढे १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळ–नागपूर मार्ग खुला झाला. अकोला, मूर्तिजापूर व बडनेरा ही स्थानके मुंबई बंदराशी जोडली गेली. मुख्यतः कापसाच्या ओढीने आलेल्या या लोहमार्गाने प्रवाशाला एक नवा संस्कार दिला, तो म्हणजे छापील भाडेपत्रकाचा. बैलगाडीचे अथवा दमणीचे भाडे घासाघीस करून ठरत असे. रेल्वेचे भाडे मात्र अंतर आणि वर्ग या दोन गोष्टींवरूनच निश्चित होई. सावकार असो वा मजूर, एकाच वर्गात एकाच अंतराला दोघांसाठी दर एकच असे.

१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावलेल्या पहिल्या गाडीपासून एस. टी.नेही हाच न्याय स्वीकारला. सहा किलोमीटरचा एक टप्पा आणि प्रत्येक टप्प्यास ठरावीक दर, ही पद्धती ग्रामीण प्रवाशालाही कळण्याजोगी होती. वाहकाने किती पैसे मागावेत हे प्रवाशाला आधीच ठाऊक असे. भाडे हा सौद्याचा विषय राहिला नाही, हे सार्वजनिक वाहतुकीचे मोठे सामाजिक कार्य म्हणावे लागेल.

नियंत्रित विमानभाड्याचा कालखंड

विमानवाहतुकीच्या इतिहासात विदर्भाचे स्थान वाटते तितके उपेक्षणीय नाही. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपाल योजनेचे केंद्र नागपूर हे होते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांहून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची व प्रवाशांची अदलाबदल होई आणि पहाटेपूर्वी ती आपापल्या दिशेने परत निघत. देशाच्या मध्यभागी असण्याचा हा लाभ नागपूरला मिळाला. वऱ्हाडला मात्र त्यासाठी नागपूरपर्यंत जाणे भाग होते. अकोल्याजवळील शिवणी येथे १९४३ पासून धावपट्टी होती, पण केवळ धावपट्टी असल्याने प्रवासी सेवा सुरू होत नाही, याचा अनुभव या शहराने दीर्घकाळ घेतला.

१९५३ च्या हवाई महामंडळ अधिनियमाने देशांतर्गत विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले व त्या वर्षीच्या १ ऑगस्टपासून इंडियन एअरलाइन्सचा कारभार सुरू झाला. यानंतरची सुमारे चार दशके देशांतर्गत विमानभाडे शासनाच्या संमतीने ठरत असे. सवलती होत्या, परंतु त्या व्यक्तीच्या स्थितीवर आधारलेल्या होत्या. विद्यार्थी, ज्येष्ठ नागरिक, सैनिक आणि कर्करोगाचे रुग्ण यांना मूळ भाड्यात सूट मिळे. कोणाला गरज आहे, हा त्या सवलतींमागील प्रश्न होता. तिकीट किती दिवस आधी घेतले, हा नव्हता.

या व्यवस्थेचे गौरवीकरण करण्याचे कारण नाही. भाडे स्थिर होते, परंतु ते सर्वसामान्यांच्या आवाक्याबाहेर होते. आसने मर्यादित होती आणि प्रतीक्षायादी मोठी असे. समान दर होता, पण तो भरू शकणारे थोडे होते. या मर्यादेचे भान ठेवूनच पुढील बदलाकडे पाहणे इष्ट ठरेल.

भाडेगटांचा उगम

एकाच विमानातील एकसारख्या आसनांना निरनिराळी किंमत लावण्याच्या शास्त्राचा पाया १९७२ मध्ये घातला गेला. ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशन या कंपनीतील केन लिटलवुड यांनी त्या वर्षी एक साधा नियम मांडला. स्वस्त तिकीट मागणारा प्रवासी लवकर येतो आणि पूर्ण भाडे देणारा उशिरा येतो. अशा वेळी समोर आलेल्यास आसन द्यावे, की उशिरा येणाऱ्याची वाट पाहावी? लिटलवुड यांच्या नियमानुसार, पूर्ण भाडे देणारा प्रवासी येण्याची शक्यता गुणिले पूर्ण भाडे हा गुणाकार स्वस्त भाड्यापेक्षा अधिक भरला, तर आसन राखून ठेवावे. उदाहरणार्थ, पूर्ण भाडे ६,००० रुपये आणि सवलतीचे भाडे ४,००० रुपये मानल्यास, उशिरा येणाऱ्या प्रवाशाची शक्यता दोन तृतीयांशाहून जास्त असेपर्यंत ते आसन स्वस्तात न विकणे कंपनीस हितावह ठरते.

हा नियम समजून घेतल्यास एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. स्वस्त तिकीट हे केवळ लवकर येण्याबद्दलचे बक्षीस नव्हे. जे आसन पुढे पूर्ण किमतीस विकले जाण्याची आशा कमी, तेच आज स्वस्तात दिले जाते.

अमेरिकेत १९७७ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने आगाऊ खरेदीच्या अटीवर सुपर सेव्हर भाडे आणले. पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, तेथील विमानवाहतूक नियंत्रणमुक्त झाली. स्वस्त दराने धावणाऱ्या पीपल एक्स्प्रेस या कंपनीशी स्पर्धा करताना अमेरिकन एअरलाइन्सने जानेवारी १९८५ मध्ये मोजक्या आसनांपुरते अत्यंत कमी भाडे जाहीर केले व उरलेली आसने चढ्या दराने विकली. दोनच वर्षांत पीपल एक्स्प्रेसचे स्वतंत्र अस्तित्व संपले. संगणकावर आधारित आरक्षणप्रणाली हे या स्पर्धेतील प्रभावी शस्त्र ठरले. प्रत्येक उड्डाणाची आसने अनेक भाडेगटांत विभागणे आणि विक्रीच्या गतीनुसार ते गट उघडणे वा बंद करणे, ही पद्धती तेव्हापासून जगभर रूढ झाली.

भारतातील स्थित्यंतर

भारतात १९९० नंतर खासगी कंपन्यांना हवाई टॅक्सीच्या रूपाने प्रवेश मिळाला आणि १९९४ मध्ये १९५३ चा अधिनियम रद्द झाला. भाडे ठरविण्याचे स्वातंत्र्य कंपन्यांकडे आले. तरीही आगाऊ खरेदीवर मोठी सूट देणारी ॲपेक्स भाडी प्रचारात येण्यास २००२ हे वर्ष उजाडावे लागले. ऑगस्ट २००३ मध्ये कॅप्टन जी. आर. गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनचे बंगळूर–हुबळी उड्डाण सुरू झाले आणि भारतीय विमानप्रवासाचे स्वरूप पालटले. या कंपनीची एक रुपयाची तिकिटे विशेष गाजली. कर व शुल्क वेगळे द्यावे लागे आणि अशी तिकिटे थोडीच असत. परंतु लवकर घेणाऱ्याला स्वस्त, हा धडा त्यांनी देशाला दिला. २००५ मध्ये स्पाइसजेट व गोएअर, तर २००६ मध्ये इंडिगो या कंपन्या आल्या. याच सुमारास महाजालावरील तिकीटविक्री वाढली व दरांची तुलना घरबसल्या करता येऊ लागली.

येथेच प्रवाशाची भूमिका बदलली. पूर्वी तो केवळ तिकीट घेत असे. आता तो दरांवर पाळत ठेवू लागला.

स्वस्त घटिकेविषयीचे समज आणि वास्तव

या पाळतीतून अनेक समज रूढ झाले. मंगळवारी तिकीट स्वस्त मिळते, हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध समज होय. अमेरिकेतील कंपन्या आठवड्याच्या आरंभी सवलती जाहीर करीत व प्रतिस्पर्धी कंपन्या लगोलग आपले दर त्यांच्या बरोबरीस आणीत, या जुन्या प्रघाताशी त्याचा संबंध जोडला जातो. आज दर दिवसातून अनेकदा बदलतात. त्यामुळे खरेदीच्या वाराला फारसे महत्त्व उरलेले नाही. प्रवासाच्या वाराला मात्र ते आहे, कारण मागणी त्यावर अवलंबून असते.

या प्रश्नाचा शास्त्रीय शोध घेण्याचा उल्लेखनीय प्रयत्न वॉशिंग्टन विद्यापीठातील ओरेन एट्झिओनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात ४१ दिवसांत गोळा केलेल्या १२,००० हून अधिक दरनोंदींचा अभ्यास होता. भविष्यातील सर्व दर आधीच ठाऊक असते तर जेवढी बचत झाली असती, तिच्या सुमारे ६२ टक्के बचत त्यांच्या संगणकप्रणालीने प्रयोगात साधली. या संशोधनातून फेअरकास्ट ही सेवा जन्मास आली. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली, मात्र २०१४ मध्ये दरभाकिताची सोय बंद झाली. अंदाज काही अंशी शक्य आहे, पण सर्वांना सर्वकाळ लागू पडेल असा मुहूर्त सांगता येत नाही, एवढाच बोध या इतिहासातून घेता येतो.

भाडेगटांची रचना ध्यानात घेतल्यास काही व्यावहारिक गोष्टी मात्र स्पष्ट होतात. अखेरच्या एक-दोन आठवड्यांत सामान्यतः दर चढतात, कारण त्या काळातील प्रवासी निकडीचा असतो. चौघांच्या कुटुंबाने एकत्र शोध घेतला आणि सर्वांत स्वस्त गटात दोनच आसने शिल्लक असली, तर चौघांनाही वरच्या गटाचा दर दाखविला जाऊ शकतो. म्हणून एका आसनाचा दर स्वतंत्रपणे पाहणे उपयुक्त ठरते. दिवाळी, मे महिन्याची सुटी व लग्नसराई या काळातील दर इतर दिवसांच्या अनुभवावरून जोखता येत नाहीत. नागपूर–मुंबई मार्गाच्या बाबतीत विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाचे दिवसही त्यांत धरावे लागतात.

वऱ्हाडच्या प्रवाशाचे गणित

वऱ्हाडच्या प्रवाशापुरते बोलावयाचे झाल्यास, विमानाचे भाडे हा त्याच्या खर्चाचा केवळ एक भाग असतो. अमरावतीहून नागपूर विमानतळ सुमारे दीडशे किलोमीटर, तर अकोल्याहून सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. अकोल्याहून छत्रपती संभाजीनगरही जवळपास तितकेच दूर पडते. पहाटेच्या उड्डाणाचे तिकीट स्वस्त असले, तरी त्यासाठी आदल्या रात्री खासगी गाडी करावी लागते अथवा नागपुरात मुक्काम करावा लागतो. अशा वेळी वाचलेले हजार रुपये रस्त्यातच खर्ची पडतात. दुपारचे महाग उड्डाण बडनेऱ्याहून रेल्वेने गाठता येत असेल, तर एकूण हिशेबात तेच स्वस्त ठरू शकते. महानगरातील प्रवाशाला उद्देशून दिलेला स्वस्त वेळेचा सल्ला येथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

या स्थितीत अलीकडे एक बदल घडला. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्र शासनाने जाहीर केलेल्या उडान योजनेत सुमारे पाचशे किलोमीटरच्या अथवा तासाभराच्या उड्डाणासाठी निम्म्या आसनांचे भाडे आरंभी २,५०० रुपयांवर मर्यादित केले होते व कंपनीची तूट अनुदानाने भरून काढण्याची तरतूद होती. याच योजनेखाली १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळील बेलोरा विमानतळावरून मुंबईसाठी अलायन्स एअरची सेवा सुरू झाली. या विमानतळाची धावपट्टी १,८५० मीटर लांबीची असून तिच्यावर ए. टी. आर. ७२ जातीचे विमान उतरू शकते. सेवा आरंभी आठवड्यातून तीन दिवस होती. शिवणीची धावपट्टी त्या मानाने बरीच आखूड. तिच्या विस्ताराचा प्रश्न लगतच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या जमिनीशी निगडित असल्याने दीर्घकाळ रेंगाळला.

उडान योजनेतही मर्यादित भाडे सर्व आसनांना नाही, हे विसरता येत नाही. मर्यादेतील आसने संपली की उरलेली बाजारभावाने विकली जातात. शासकीय अनुदानाचा लाभही अशा रीतीने ज्याला आधी ठरविता येते त्यालाच प्रथम मिळतो.

कापसाचा भाव आणि तिकिटाचा भाव

वेळेवर ठरणारा भाव ही वऱ्हाडला नवी गोष्ट नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, येथील कापसाचा भाव गगनाला भिडला आणि युद्ध संपताच कोसळला. पुढे तारायंत्रामुळे लिव्हरपूलचा भाव अकोला, अमरावती व खामगावच्या व्यापाऱ्यांपर्यंत पोहोचू लागला. कापूस तोच, शेत तेच, पण विकण्याच्या दिवसावरून उत्पन्न ठरू लागले. भाव केव्हा चढेल याचा अंदाज व्यापारी बांधू शकत असे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो थांबू शकत असे. कर्जाचा हप्ता, दिवाळीचा खर्च व रब्बीचे बियाणे यांनी बांधलेला शेतकरी वेचणी होताच माल गाडीत भरी. भाव पडतील हे त्याला कळत नव्हते असे नाही. कळूनही त्याला थांबता येत नव्हते.

महाराष्ट्र शासनाने १९७१ च्या अधिनियमानुसार १९७२ मध्ये सुरू केलेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेने ही विषमता काही काळ कमी केली. हमीभावामुळे हंगामात कापूस आज विकला की महिन्याने, याचे महत्त्व घटले. योजनेत दोष होते. चुकाऱ्यांना विलंब होई आणि तोटाही साचत गेला. २००२ च्या सुमारास एकाधिकार संपुष्टात आला. विमानभाड्यातील आगाऊ खरेदीची भाडी याच सुमारास प्रचारात यावीत, हा योगायोगच. पण दोन्ही घटनांचा आशय सारखा आहे. नियंत्रित दराची जागा काळानुसार बदलणाऱ्या दराने घेतली, आणि दोन्हीकडे वेळ निवडण्याची ऐपत असलेल्याचा लाभ झाला.

विमानप्रवासात ही ऐपत केवळ पैशाची नसते. ज्याच्या रजा आधी मंजूर होतात, ज्याची परीक्षा ठरल्या दिवशीच होते, ज्याच्या घरी सर्वजण निरोगी असतात, त्याला दोन महिने आधी तिकीट घेता येते. वडिलांच्या आजाराचा निरोप आल्यावर निघणाऱ्या मुलाला ते शक्य नसते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात तपासणीची तारीख अचानक मिळालेल्या रुग्णालाही नाही. जुन्या व्यवस्थेत अशा रुग्णाला सवलत होती. नव्या व्यवस्थेचे गणित त्याला उशिरा येणारा, म्हणून अधिक देऊ शकणारा प्रवासी मानते. निकड आणि क्रयशक्ती यांतील फरक त्या गणिताला ओळखता येत नाही. खासगीकरणानंतर २०२२ मध्ये एअर इंडियाने ज्येष्ठ नागरिक व विद्यार्थ्यांची सूट मूळ भाड्याच्या ५० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आणली, ही घटनाही याच प्रवाहातील होय.

राज्यसंस्थेचा हस्तक्षेप

वेळेवर आधारित भाडे आता विमानापुरते उरलेले नाही. ९ सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, दुरांतो व शताब्दी गाड्यांत आसने भरत जातील तसे भाडे वाढविण्याची पद्धती रेल्वेने स्वीकारली. दिवाळीतील खासगी बसच्या दरांचा अनुभव पुणे–अमरावती मार्गावरील प्रवाशांना चांगलाच आहे. म्हणूनच २०१८ मध्ये राज्य शासनाने खासगी बसचे कमाल भाडे एस. टी.च्या भाड्याच्या दीडपट ठरविले.

विमानभाड्यावरील मर्यादाही संकटकाळी परत येते. २५ मे २०२० रोजी उड्डाणे पुन्हा सुरू करताना केंद्र शासनाने किमान व कमाल भाडे निश्चित केले. ते बंधन ३१ ऑगस्ट २०२२ पासून उठले. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची उड्डाणे मोठ्या प्रमाणावर रद्द होऊन दर भडकले, तेव्हा तात्पुरती कमाल मर्यादा घालण्यात आली. पाचशे ते हजार किलोमीटरच्या प्रवासासाठी, म्हणजे नागपूर–मुंबईसारख्या मार्गासाठी, ती १२,००० रुपये होती. संकट सर्वांवर कोसळते तेव्हा शासन हस्तक्षेप करते. एका कुटुंबावर कोसळलेल्या संकटासाठी मात्र अशी तरतूद नसते.

निष्कर्ष

१. स्वस्त वेळेचा शोध ही विमानप्रवासाबरोबर आलेली गोष्ट नव्हे. भारतात ती भाडेनियंत्रण संपल्यानंतर, विशेषतः २००२-०३ नंतर, रूढ झाली.

२. स्वस्त घटिका घड्याळात अथवा पंचांगात निश्चित नसते. ती त्या उड्डाणाच्या मागणीवर व शिल्लक भाडेगटांवर अवलंबून असते. वेळेवर केलेले नियोजन खर्च घटविते, पण अचूक मुहूर्ताचा हव्यास निष्फळ ठरतो.

३. वऱ्हाडच्या प्रवाशाने केवळ तिकिटाचा दर न पाहता घरापासून मुक्कामापर्यंतचा एकूण खर्च विचारात घेणे आवश्यक आहे. बेलोऱ्याच्या सेवेचे महत्त्वही याच कसोटीवर तपासावे लागेल.

४. बदलत्या भाड्यामुळे अनेकांना प्रथमच विमानप्रवास शक्य झाला, हे निर्विवाद आहे. तथापि, त्या स्वस्त तिकिटांच्या किमतीचा एक वाटा निकडीने निघालेला प्रवासी भरत असतो. वैद्यकीय कारणाने अथवा कुटुंबातील मृत्यूमुळे प्रवास करणाऱ्यांसाठी प्रत्येक उड्डाणात काही आसने निश्चित दराने राखून ठेवणे, ही मागणी त्यामुळे न्याय्य ठरते. उडान योजनेत निम्म्या आसनांना मर्यादा घालता आली, त्याअर्थी अशी तरतूद अशक्य म्हणता येणार नाही.

वेचणी होताच कापूस विकावा लागलेल्या शेतकऱ्याला भावाचे ज्ञान कमी होते म्हणून तो नागवला गेला नाही. त्याच्याजवळ थांबण्यापुरता वेळ नव्हता. आज विमानाच्या तिकिटासाठी सर्वाधिक पैसे मोजणाऱ्या प्रवाशाची स्थिती याहून फारशी निराळी नाही.